आधीच्या मालकास

ड्रिएस, तुझं नाव मला सीटखाली सापडलं,
एअर फिल्टरच्या झाकणाच्या आत, जाड काळ्या पेनानं.
खाली तारखा: पिस्टन. पिस्टन. क्लचच्या प्लेटी.
मग दोन वर्षं काहीच नाही.
त्या दोन वर्षांचं विचारत नाही मी.
गाडी बोलते तेवढं पुरे.

मीटर म्हणाला, एकशे बारा तास.
मीटरचं काय, तो म्हणेल.
मी सायलेन्सर उतरवून भोकातून टॉर्च मारला,
पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे.
घोड्याचा ओठ वर करून
मामा वय सांगायचा, दात बघून,
तसं मी सांगितलं: चारशे तरी.
ब्लुमफाँटेनच्या दलालानं आभाळाकडे पाहिलं
आणि आठशे रँड सोडले.

तेलाच्या प्लगचे आटे तू घालवलेस.
घाईत होतास ना?
वरून कसलासा डिंक थापलास,
कोण बघतंय म्हणून.
थाबा-त्सेकाच्या वर, जिथं मेंढ्या आणि मी एवढेच,
बुटावर तेल टपकलं तेव्हा मी बघितलं.
त्या दिवशीच्या शिव्या सेसोथोत होत्या,
तुला लागल्या नसतील.

पण जुन्या तारेला चिकटून दुसरी तार,
क्लचची, ग्रीस लावलेली, टोकं टेपनं बांधलेली,
तीही तूच ठेवली होतीस.
सेंकू नदीच्या अलीकडे पहिली तुटली
आणि दुसरी तिथंच होती, हाताशी.
हेही लिहायला हवं.

इथली हवा पातळ.
तुझी गाडी समुद्राकाठची हवा खाऊन वाढलेली,
पहिल्याच चढावर घुसमटली,
प्लग काळा, ओला, भिजलेल्या वातीसारखा.
एकशे साठचा जेट काढला, एकशे बावन्नचा घातला,
सुई एक खाच खाली.
तिला कमी जेवायला शिकवलं.
डोंगरात सगळेच शिकतात.

टॉर्च थाकाने धरते. वय नऊ.
माझी बोटं अडतात तिथं तिचा अख्खा हात जातो,
फ्रेमच्या पोटातून तिनं आजवर
तीन नट, एक वॉशर आणि एक मेलेला भुंगा काढलाय.
मागच्या सस्पेन्शनचं बेअरिंग ठोकून काढलं
तेव्हा गंजाबरोबर वाळू सांडली,
पांढरी, बारीक, आमच्या नदीत नसते तशी,
आणि नखाएवढा शिंपल्याचा तुकडा.
मी समुद्र पाहिलेला नाही. तिनंही नाही.
मी ओरडेपर्यंत तिनं चिमूट जिभेला लावली.
"खारट?"
"ग्रीस लागतंय," म्हणाली, आणि थुंकली.

पहाटे लसीची पेटी मागे बांधतो, बर्फ भरून,
जुलैत खरं तर बर्फाची गरज नसते,
पण नियम आहे.
सातव्या किकला उठते. कधी अकराव्या.
मग उभं राहायचं, गुडघे सैल, नजर लांब,
दगडाकडे बघायचं नाही, बघितलं की तो येतोच.
पुढच्या चाकाला त्याचं त्याचं काम करू द्यायचं.
हे मला कुणी शिकवलं नाही,
दोनदा खांदा निखळला, त्यानं शिकवलं.
वर, गोठ्यापाशी, घोंगडीतली पोरं
आवाजावरून ओळखतात,
मेंढ्या हाकायला लागतात मी दिसायच्या आधी.
परवा त्यातला एक, मोरापेली, म्हणाला,
तुमची गाडी खोकते.
बरोबर होतं त्याचं. रिंग गेली होती.

काल झाकण पुसलं.
तुझ्या तारखांखाली माझ्या लिहिल्या:
पिस्टन. बेअरिंग. जेट.
जागा थोडी उरली, चार ओळींची,
तीत पुढच्यासाठी, जो कुणी असेल त्याच्यासाठी:
प्लगचे आटे नवे आहेत.
हातानं लाव आधी.
हळू आवळ.